सुट्टीचे दिवस आणि गर्भाचे आठवडे

एन्नोरहून तुमचा निवृत्त कर्नल बोलतोय. चेन्नईच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयार नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथलं हे गाव. मी बोलतो तमिळ मुलखातून, पण ऐकणारे तुम्ही सातारा, कोल्हापूर, बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा असे सगळीकडचे. तुमच्यापैकी बऱ्याच घरांतला कर्ता माणूस लांब असतो. कोणी फौजेत, कोणी जहाजावर, कोणी विट्याहून परमुलखात जाऊन सोन्याच्या गलाईच्या धंद्यात. आजचा विषय अशा घरांसाठी आहे.

विषय आहे गर्भधारणा. स्त्रीबीज तयार होतं तिथपासून गर्भ रुजतो तिथपर्यंत. मी डॉक्टर नाही, पायदळातला माणूस आहे. पण कंपनी सांभाळताना जवानांच्या घरच्या कटकटी कानावर येतातच. त्यातली एक कटकट मी एकदा नाही, अनेकदा ऐकली. जवान सुट्टीवरून परत येतो. काही दिवसांनी घरून कळतं की बायकोला दिवस गेले. आनंद होतो. मग सोनोग्राफीचा कागद येतो. त्यावर लिहिलेलं असतं, आठ आठवडे. जवान बोटं मोजतो. तो घरी पोचला त्याला सहाच आठवडे झालेले असतात. वरचे दोन आठवडे कुठून आले?

इथून पुढे संसाराची काय दशा होते ते सांगायला नको. जवान तोंड मिटून बसतो, घरी पैसे पाठवायला उशीर करतो, फोन टाळतो. तिकडे सासू-नणंदाही बोटं मोजत असतात. आणि सगळ्याच्या मुळाशी काय असतं? एका साध्या हिशोबाची कोणी न दिलेली माहिती. तो हिशोब आज आपण करू.

न दिसणारा दिवस

आमच्या चेन्नईच्या किनाऱ्यावर जानेवारी ते मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. हीच कासवं आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावरही येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. कार्यकर्ते ती उचलून कुंपणातल्या सुरक्षित वाळूत ठेवतात आणि घरट्यावर तारीख लावतात. त्या तारखेपासून साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येणार. हिशोब सोपा, कारण अंडी घातलेली डोळ्यांना दिसतात.

माणसाचं तसं नाही. स्त्रीबीज शरीराच्या आत सुटतं, कोणाला दिसत नाही, बहुतेक बायकांना स्वतःलाही कळत नाही. फलन कोणत्या तासाला झालं ते तर मुळीच कळत नाही. मग डॉक्टरांनी मोजायला सुरुवात कुठून करायची? जी शेवटची घटना नक्की दिसली होती तिथून. म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

हेच ते दोन आठवडे. पाळी आली त्या दिवशी पोटात गर्भ नसतो. गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी तयार होतो. पण कागदावरचं घड्याळ पाळीच्या पहिल्या दिवशीच सुरू झालेलं असतं. कागदावर 'आठ आठवडे' असेल तर गर्भाचं खरं वय सहा आठवडे.

आपल्याकडे पूर्वापार 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. डॉक्टरांचा नियमही जवळपास तोच आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. एकूण २८० दिवस. यातले पहिले १४ दिवस गर्भाशिवायचे, खरे दिवस २६६.

बीज केव्हा सुटतं

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजं असतात. नवीन बीजं पुढे तयार होत नाहीत. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात चारशे-पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. म्हणजे तुम्ही ज्या बीजापासून झालात ते बीज तुमची आई आजीच्या पोटात होती तेव्हाच तयार झालेलं होतं.

दर महिन्याला मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते. काही बीजं वाढीला लागतात, पण सहसा एकच पुढे जातं. ते ज्या पाण्याच्या फोडात वाढतं तो फोड इस्ट्रोजेन सोडतो. त्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की पीयूषिका दुसरं संप्रेरक, एलएच, एकदम मोठ्या प्रमाणात सोडते. हा हुकूम सुटल्यापासून साधारण ३६ तासांत फोड फुटतो आणि बीज बाहेर येतं.

हे कितव्या दिवशी होतं? लोक सांगतात चौदाव्या. २८ दिवसांची पाळी असेल तर ते बरोबर आहे. पण मोजायचं उलट्या बाजूने. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या विशीत एकमेकांशी संबंध नसताना हेच दाखवलं, की बीज पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटतं. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बीज २१व्या दिवसाच्या आसपास सुटणार. पाळी अनियमित असेल तर आधीच अंदाज बांधणं कठीण.

सुटलेलं बीज किती टिकतं? १२ ते २४ तास, बस. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ बायकांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. १९९५ साली त्यांनी छापलं की गर्भधारणा महिन्यातल्या सहाच दिवसांच्या संबंधांतून होते, म्हणजे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जवान दहा तारखेला झेलम एक्स्प्रेसमध्ये बसला आणि बीज चौदा तारखेला सुटलं, तरी दिवस जाऊ शकतात. फलन होतं तेव्हा नवरा युनिटमध्ये हजेरी देत असतो. यात काहीही गैर नाही.

तारखा घालून पाहू

आता एक जवान धरू. बायकोची शेवटची पाळी १ नोव्हेंबरला आली. पाळी २८ दिवसांची. जवान १३ नोव्हेंबरला घरी पोचला, ३० दिवसांनी, १३ डिसेंबरला परत निघाला. काय काय झालं, तारखेनुसार पाहू.

१५ नोव्हेंबर. बीजांडकोशातून बीज सुटलं. आकार मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त. शरीरातली ही सर्वांत मोठी पेशी; नजर चांगली असेल तर टिंबासारखी दिसेल. गर्भनलिकेच्या टोकाला बोटांसारखी झालर असते, ती बीजाला आत ओढून घेते. नलिका दहा-बारा सेंटिमीटरची. फलन होतं ते गर्भाशयात नाही, तर या नलिकेच्या रुंद भागात.

शुक्राणू निघतात कोट्यवधी, पण बीजापर्यंत पोचतात काही शेकडे. आल्या आल्या ते बीजाला भेदू शकत नाहीत. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावरच त्यांना ती ताकद येते. अमेरिकेत चांग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी १९५१ साली हे वेगवेगळं शोधून काढलं. बीजाभोवती एक पारदर्शक कवच असतं. शुक्राणूच्या डोक्यावरच्या टोपीतला रस ते कवच पार करायला मदत करतो. मग शुक्राणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन बीजावरच्या एका प्रथिनाला जाऊन बसतं. शुक्राणूवरच्या प्रथिनाला जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये इझुमो नाव दिलं, लग्नासाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या देवस्थानावरून. बीजावरचं प्रथिन २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये सापडलं. त्याला विवाहाच्या रोमन देवतेचं, जुनोचं, नाव मिळालं.

एक शुक्राणू आत गेला की बीजाचं कवच कडक होतं आणि बाकीच्यांना दार बंद. आईची २३ आणि बापाची २३ गुणसूत्रं मिळून ४६ होतात. आईकडून नेहमी एक्स येतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आणि गर्भलिंग तपासणं गुन्हा आहे हेही ध्यानात ठेवावं. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, आपल्या महाराष्ट्राने केला.

१७ नोव्हेंबरला एका पेशीच्या दोन झालेल्या असतात. मग चार, १८-१९च्या सुमारास आठ. गंमत अशी, की पेशी वाढतात पण गोळ्याचा आकार वाढत नाही. कवच तेवढंच, आत वाटण्या होत जातात. पहिल्या वाटण्या आईच्या बीजातल्या शिदोरीवर चालतात. चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर गर्भाची स्वतःची जनुकं कामाला लागतात. इतके दिवस हा गोळा नलिकेतून गर्भाशयाकडे सरकत असतो. नलिकेत केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात, ते त्याला पुढे ढकलतात.

इथेच एक धोका सांगतो. एन्नोरच्या खाडीचं तोंड वाळूने भरलं की भरतीचं पाणी आत येत नाही आणि कोळंबीची ये-जा थांबते. नलिका जुन्या संसर्गाने, आपल्या देशात बऱ्याचदा क्षयाने, अरुंद झाली तर तसंच होतं. पूर्ण बंद असेल तर बीज आणि शुक्राणूंची भेटच होत नाही. अर्धवट बंद असेल तर गर्भ नलिकेतच रुजू शकतो. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, रक्तस्राव, चक्कर असेल तर घरी थांबू नका. नलिका फुटली तर जीव जातो. त्याच तासाला दवाखाना गाठा.

२० नोव्हेंबर. गोळा गर्भाशयात पोचला आहे. आता त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. बाहेर पेशींचा एक थर, आत पाणी आणि एका बाजूला पेशींचा पुंजका. पुंजक्यातून बाळ होणार, बाहेरच्या थरातून वार. एक-दोन दिवसांत तो कवच फोडून बाहेर येतो आणि पुढच्या काही दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात रुततो. रुतला की एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतो. त्याचा निरोप असा, की पाळी आणू नका, मी आलोय. बीज जिथून सुटलं तिथे पीतपिंड तयार झालेला असतो. हा निरोप मिळाला की तो प्रोजेस्टेरॉन सोडत राहतो आणि अस्तर टिकतं. लघवीच्या तपासणीत सापडतं ते हेच एचसीजी.

२९ नोव्हेंबर. पाळी चुकली. कागदावर आज चार आठवडे पूर्ण. गर्भाचं वय दोन आठवडे.

७ डिसेंबरच्या सुमारास हृदय हलू लागतं. १३ डिसेंबरपर्यंत मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून बनतात ती नळी बंद होते. जवान गाडीत बसतोय त्या दिवशी हे काम संपलेलं आहे. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस गेल्यावर सुरू करून पुरेसा फायदा होत नाही. मूल हवं असेल तर किमान महिनाभर आधीपासून, डॉक्टरांना विचारून रोज ४०० मायक्रोग्रॅम. सुट्टी मंजूर झाली की ही गोळी घरी सुरू व्हायला हवी.

२७ डिसेंबर. सोनोग्राफी. गर्भाची लांबी सोळा मिलिमीटरच्या आसपास. कागदावर आठ आठवडे. १ नोव्हेंबरपासून मोजा, बरोबर ५६ दिवस. जवान घरी आला त्याला झाले ४४ दिवस, म्हणजे सहा आठवडे आणि दोन दिवस. गर्भाचं वय ४२ दिवस. जुळलं की नाही?

मशीन तर पाळी विचारत नाही

यावर एक शहाणा जवान म्हणेल, साहेब, मशीनने पाळीची तारीख विचारली नाही, गर्भ मोजला. मग तरी आठ का? कारण मशीनमध्ये लांबीचा जो तक्ता भरलेला असतो तोच पाळीपासूनच्या आठवड्यांत असतो. दोन आठवडे त्यात आधीच मिळवलेले असतात. शिवाय पहिल्या तीन महिन्यांतल्या मोजणीतही पाच-सात दिवसांची चूकभूल धरावी लागते. ज्यांची पाळी लांब असते त्यांचा पाळीचा हिशोब नऊ आठवडे आणि मशीनचा आठ येतो. तेव्हा मूल खुरटलं म्हणून लगेच घाबरायचं नाही. बीजच उशिरा सुटलं असेल. डॉक्टर तारीख दुरुस्त करून देतात.

याचा रोखठोक पुरावा आयव्हीएफमध्ये मिळतो, कारण तिथे फलन डोळ्यांसमोर होतं. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला, तर त्या दिवशी कागदावर लिहितात दोन आठवडे आणि पाच दिवस. सगळ्यांना माहीत असतं की गर्भ पाचच दिवसांचा आहे, तरीही १४ दिवस मिळवतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा जन्मली. आयव्हीएफची पद्धत आपल्याकडे लोकांना माहीत झाली ती तेव्हापासून.

त्याआधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा नावाची मुलगी जन्मली होती. त्यांनी गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला होता आणि मग आईच्या पोटात सोडला. गोठवलेले ५३ दिवस कुठल्याच हिशोबात धरत नाहीत, कारण त्या दिवसांत गर्भ वाढतच नाही. त्यांच्यावर तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. १९९७ साली आनंदकुमारांनी त्यांच्या नोंदी वाचल्या आणि पहिलेपणाचा मान स्वतःकडे न ठेवता त्यांना दिला. कागद नीट वाचला तर न्याय होतो. न वाचता निकाल दिला तर माणूस जातो. हे घरातल्या कागदालाही लागू आहे.

सुट्टीत दिवस गेले नाहीत तर

दुसरी बाजूही सांगतो. जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस किरकोळ रजा. तीस दिवसांच्या सुट्टीत ते सहा दिवस साधारण एकदाच येतात. निरोगी, चांगल्या वयातल्या जोडप्यालाही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता ढोबळमानाने चारात एक. त्यातही फलन झालेले बरेच गर्भ रुजतच नाहीत. विल्कॉक्स यांच्या त्याच अभ्यासात रुजलेल्या गर्भांपैकी ३१ टक्के पुढे टिकले नाहीत. त्यातले बहुतेक तर गर्भ होता हे कळण्याआधीच गेले. वरून फक्त पाळी थोडी उशिरा आल्यासारखं दिसलं. निसर्गाची ही चाळणी आहे. ओझं उचललं म्हणून, जिना चढला म्हणून हे होत नाही. बऱ्याचदा गुणसूत्रांची वाटणीच चुकलेली असते.

तेव्हा दोन सुट्ट्या कोऱ्या गेल्या म्हणून बायकोला वांझ म्हणणाऱ्यांनी आधी मोजावं, की नवरा-बायको त्या सहा दिवसांत एकत्र किती महिने होते. दोन वर्षांच्या लग्नात हा आकडा पाच-सहासुद्धा भरत नाही. नियमित एकत्र राहून वर्षभरात दिवस गेले नाहीत, किंवा बायकोचं वय ३५ च्या वर असून सहा महिन्यांत गेले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्यायचं. दोघांनी. पुरुषाची वीर्यतपासणी सर्वांत सोपी, स्वस्त आणि पहिली. फौजींसाठी दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटल, रिसर्च अँड रेफरलमध्ये उपचार केंद्र आहे. युनिटच्या डॉक्टरांना विचारायला लाजू नका, ते रोज हेच ऐकतात.

आता तुमच्यासाठी तीन कामं. एक, घरातल्या बाईने पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवावी, दर महिन्याला. दोन, सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी नवऱ्याने ती तारीख फोनवर विचारावी. जमलं तर सुट्टी त्या सहा दिवसांवर येईल अशी मागावी. कुठलाही समजूतदार कंपनी कमांडर असं कारण ऐकून हसणार नाही. तीन, सोनोग्राफीचा कागद आला की बोटं मोजण्याआधी त्यातून १४ दिवस वजा करावेत. तरीही काही जुळत नसेल तर बायकोला जाब विचारण्याआधी डॉक्टरला पाळीची लांबी सांगून विचारावं.

पुढच्या भागात पुरुषांच्या तपासणीबद्दल बोलू. बॉयलर, भट्टी आणि रणगाड्याच्या पोटातली उष्णता यांचा वीर्याशी काय संबंध, तेही पाहू. तोवर काळजी घ्या. जय हिंद.